नैरोबी ते किलिमांजारो, रस्त्याने: चार देशांच्या सफारीचे व्हिसा, परवाने आणि कागदपत्रं

विमानाने केनियात उतरून मसाई मारा बघून परत येणाऱ्याला एकाच देशाची परवानगी लागते. ओव्हरलँड सफारीचं गणित वेगळं. वीस-बावीस जणांचा ट्रक, टपावर तंबू, सोबत स्वयंपाकी, आणि रस्त्याने केनिया, युगांडा, रवांडा, टांझानिया असे चार देश. ट्रकची कागदपत्रं, चालक आणि जेवण कंपनी बघते. व्हिसा, लस आणि विमा मात्र ज्याचा त्याने करायचा असतो. बुकिंगच्या अटींमध्ये हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण ते सीमेवरच्या रांगेत पहिल्यांदा वाचतात.

इथली माहिती भारतीय पासपोर्टवर, पर्यटक म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी मार्ग पक्का करा, मग अर्ज

केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा मिळून एक सामायिक व्हिसा आहे: ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा. २०१४ पासून तो मिळतो. शुल्क १०० डॉलर, मुदत ९० दिवस, आणि या तीन देशांत हवं तितक्या वेळा ये-जा करता येते. अट एकच, पण पक्की: तिघांपैकी ज्या देशात पहिलं पाऊल टाकणार, त्याच देशाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. नैरोबीत उतरणार असाल तर केनियाकडे, एंटेबेला उतरणार असाल तर युगांडाकडे. या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

टांझानिया या व्यवस्थेत नाही. नकाशावर तो तिघांना खेटून आहे, केनियातलं मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी तर एकाच गवताळ पट्ट्याची दोन नावं आहेत, तरी व्हिसाच्या दृष्टीने तो परका. सामायिक व्हिसावर फिरताना तुम्ही टांझानियात शिरलात की तो व्हिसा तिथेच संपतो. पुन्हा केनियात यायचं तर नवी परवानगी, नवे पैसे.

म्हणून टांझानिया नेहमी प्रवासाच्या एका टोकाला ठेवा, मधे घालू नका. दोन मार्ग सरळ बसतात. पहिला: नैरोबी, मसाई मारा, मग बुसिया किंवा मलाबाच्या सीमेवरून युगांडा, तिथून रवांडा, रुसुमोच्या पुलावरून टांझानिया, आणि परतीचं विमान किलिमांजारो किंवा दार-ए-सलाम इथून. दुसरा याच्या उलट: सुरुवात टांझानियातल्या आरुषाला, मग नमांगाच्या सीमेवरून केनिया, पुढे युगांडा, शेवट रवांडातल्या किगालीत. जाण्या-येण्याचं तिकीट नैरोबीचंच काढलं की हजार-दोन हजार रुपये वाचल्यासारखे वाटतात. ते पुढे परवानगीच्या शुल्कात जातात.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. मारा आणि सेरेंगेटी लागून असले तरी पर्यटकांना एकातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही. इसेबानिया किंवा नमांगा अशा अधिकृत सीमेपर्यंत वळसा घालावाच लागतो. वेळापत्रकात यासाठी जवळपास एक दिवस धरा.

सामायिक व्हिसा घ्यावा का?

प्रत्येकाला तो फायद्याचा पडतोच असं नाही. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली. ती ईटीए नावाने ओळखली जाते, शुल्क ३० डॉलर, वर थोडा कार्डाचा आकार. युगांडाचा एकेरी प्रवेशाचा ई-व्हिसा ५० डॉलर. रवांडा राष्ट्रकुल देशांच्या, म्हणजे भारताच्याही, नागरिकांना ३० दिवसांसाठी व्हिसाचं शुल्क लावत नाही. म्हणजे तिन्ही देश एकदाच करणार असाल तरी सुटे ८० होतात, सामायिकला १०० पडतात. केनिया आणि युगांडा असे दोनच देश, तेही एकदाच, तरी सुटे ८०च. सामायिक घेणं म्हणजे २० डॉलर जास्त. मात्र बऱ्याच सहलींत ट्रक युगांडातून रवांडात जातो आणि गोरिला बघून पुन्हा युगांडात येतो. तिथे एकेरी व्हिसा कामाचा नाही, सामायिकच हवा. सामायिक व्हिसा असेल तर केनियाची ईटीए वेगळी काढायची नाही.

टांझानियाचा व्हिसा यात कुठेच येत नाही, तो वेगळा ५० डॉलरचा. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना मात्र तिथे १०० डॉलरचा अनेक प्रवेशांचा व्हिसाच घ्यावा लागतो. न्यू जर्सीची भाची बरोबर येणार असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडा.

अर्ज भरताना

सगळं ऑनलाइन आहे, मुंबई-दिल्लीच्या वकिलातीत जावं लागत नाही. साधारण हे हाताशी ठेवा:

- परतीच्या तारखेनंतरही किमान ६ महिने मुदत असलेला पासपोर्ट, आणि त्यात पुरेशी कोरी पानं. रस्त्याच्या प्रवासात प्रत्येक सीमेवर जाताना एक आणि येताना एक असे शिक्के पडतात.
- पासपोर्टच्या माहितीच्या पानाचं स्वच्छ स्कॅन आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो.
- येण्याचं आणि जाण्याचं तिकीट. नैरोबीत येऊन किलिमांजारोहून जाणार असाल तर दोन्ही दाखवा, नाहीतर परतीचं तिकीट कुठे आहे असा प्रश्न येतो.
- पहिल्या रात्रीच्या हॉटेलचं बुकिंग आणि सफारी कंपनीचं दिवसवार पत्र.
- पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र. युगांडा ते अर्जासोबतच मागतो.
- परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड.

नावाबद्दल थोडं थांबतो, कारण आपल्याकडे घोळ इथेच होतो. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. अर्जात काही जण मधलं नाव गाळतात, तिकिटावर ते येतं, परवान्यावर पुन्हा गळतं. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते आधी उरकून घ्या.

केनियाचा अर्ज प्रवासाच्या किमान ३ दिवस आधी आणि जास्तीत जास्त ३ महिने आधी करायचा असतो. टांझानियासाठी तीन आठवडे हातात ठेवा. भारतीयांना तिथे सीमेवर पोचूनही व्हिसा मिळतो, पण तुमच्या एकट्यासाठी सगळा ट्रक उन्हात उभा राहतो आणि पुढचे पंधरा दिवस त्याच लोकांबरोबर जेवायचं असतं. शोध घेतला की सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं सर्वांत वर येतात आणि दुप्पट शुल्क घेतात. पत्त्याच्या शेवटी त्या देशाची सरकारी खूण आहे का, ते पैसे भरण्याआधी बघा.

पिवळ्या तापाची लस: इकडचा नियम तिकडच्याहून कडक

आपल्याकडे पिवळा ताप पसरवणारा डास आहे, तो ताप नाही, आणि तो येऊ नये म्हणून भारत फार दक्ष असतो. या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत केनिया आणि युगांडा आहेत. तिथून निघाल्यावर ६ दिवसांच्या आत, वैध प्रमाणपत्राशिवाय मुंबईला उतरलात तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, कमाल ६ दिवस. भारतीय नागरिकालाही यातून सूट नाही.

लस एकदाच घ्यायची. प्रमाणपत्र १० व्या दिवसापासून लागू होतं, आणि जुलै २०१६ पासून ते जन्मभरासाठी ग्राह्य आहे. आधी १० वर्षांनी नूतनीकरण लागायचं. घरात या प्रमाणपत्राचं जुनं पिवळं पुस्तक असेल तर तेही आता चालतं, फेकू नका. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली चालत नाही. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना, पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय ही त्यांतली काही. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती फोडली की उरलेली ठेवता येत नाही. त्यामुळे केंद्रं ठरावीक दिवशीच, नोंदणी करून बोलावतात. मूळ पासपोर्ट न्या. घरी निघण्याआधी पुस्तकातला पासपोर्ट क्रमांक, तारीख आणि शिक्का तिथेच वाचून घ्या. माझ्या मेहुण्याच्या पुस्तकात क्रमांकाचा एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त करायला नाशिकहून मुंबईची आणखी एक खेप पडली.

ही जिवंत विषाणूची लस आहे. ९ महिन्यांखालच्या बाळांना देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, साठीपुढचं वय, यांपैकी काही असेल तर सहलीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही.

गोरिलांचा परवाना सर्वांत आधी

व्हिसा दोन-तीन आठवड्यांत होतो. गोरिलांचा परवाना संपला की संपला. एका गोरिला कुटुंबाला दिवसात फक्त ८ पर्यटक भेटू शकतात, तेही १ तास. जून ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम असल्याने तेव्हाचे परवाने कितीतरी महिने आधी जातात.

युगांडात बविंडी आणि मगाहिंगा या दोन उद्यानांत गोरिला दिसतात. परदेशी पर्यटकांसाठी परवाना जुलै २०२४ पासून ८०० डॉलर. रवांडात व्होल्केनोज राष्ट्रीय उद्यानाचा २०१७ पासून १५०० डॉलर. फरक ७०० डॉलरचा, म्हणजे आतापर्यंत मोजलेले सगळे व्हिसा धरूनही बाजी याच आकड्यावर फिरते. रवांडाची सोय अशी की किगालीहून रस्ता चांगला आणि दोन-तीन तासांचा. बविंडीला लांबून, वळणावळणाने जावं लागतं. गुडघे धड असतील तर युगांडाच घ्या असं मी म्हणेन. किबालेचे चिंपांझी बघायचे तर तो परवाना वेगळा, २५० डॉलर.

वयाची अट दोन्हीकडे १५ वर्षं पूर्ण. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी पोचलात तर तो तिथेच थांबेल आणि त्याच्याबरोबर कुणीतरी एक मोठं माणूस. सर्दी-खोकला असणाऱ्यालाही परत पाठवतात, कारण आपले आजार गोरिलांना लागतात. परवाना पासपोर्ट क्रमांकावर निघतो. परवाना घेतल्यावर पासपोर्टचं नूतनीकरण केलंत तर नवा क्रमांक कंपनीला लगेच कळवा आणि जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

इतर उद्यानांची शुल्कं बहुधा कंपनी भरते, तरी सहलीच्या किमतीत ती धरली आहेत का हे लेखी विचारा. मसाई मारामध्ये २०२४ पासून परदेशी प्रौढाला दिवसाला १०० डॉलर पडतात, आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. नू हरणांचे कळप मारा नदी ओलांडतात ते नेमके याच सहामाहीत.

विमा, पैसे आणि बाकीचं

प्रवास विमा ओव्हरलँड कंपन्या सक्तीचा करतात. पॉलिसीत हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरलाय का बघा. टांझानियातल्या झांझिबार बेटाचा जोड घेणार असाल तर भारतात काढलेला विमा पुरत नाही: ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या सरकारी विमा महामंडळाचा ४४ डॉलरचा विमा सक्तीचा आहे.

एका फेरीला ३००० डॉलरपर्यंत रोख नोटा नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर. नोटा २००९ नंतर छापलेल्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या मागून घ्या. जुन्या नोटा पूर्व आफ्रिकेत सर्रास नाकारतात. काही कंपन्या सहलीच्या किमतीचा एक भाग ‘लोकल पेमेंट’ म्हणून ट्रकवर रोखीने घेतात, तो या ३००० मध्येच बसवायचा असतो. सहलीच्या रकमेवर इथे टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) घेतला जातो. पॅन बरोबर दिला असेल तर तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

ट्रक सोडून स्वतः गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी दोन कागद जास्त. आंतरराष्ट्रीय चालक परवाना आरटीओकडून, १००० रुपये, मुदत १ वर्ष; २०२२ पासून त्यासाठी व्हिसा दाखवावा लागत नाही. आणि गाडी सीमेपार नेण्यासाठी मालकाचं संमतीपत्र, नोंदणीची प्रत व ‘कोमेसा यलो कार्ड’ नावाचा सीमेपारचा वाहन विमा. तीन देशांत वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, रवांडात उजवीकडून. सीमा ओलांडल्यावर पहिल्या चौकात हे आठवायला हवं.

राहिलं खाण्याचं. भाकरवडी, चिवडा, मेतकूट जरूर न्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नको. रवांडाने २००८ मध्ये, केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये त्या बंद केल्या आणि विमानतळावर बॅग उघडून बघतात. स्टीलचे डबे नाहीतर कापडी पिशव्या वापरा.