विमानतळावरचा बार आणि दोन पेयांची मर्यादा: पार्श्वभूमी

विमानतळावरच्या बारमध्ये एका प्रवाशाला दोनच मद्यपेये मिळावीत आणि तीही बोर्डिंग पास तपासूनच, अशी मागणी रायनएअर या विमान कंपनीचे प्रमुख मायकेल ओलिअरी यांनी, नशेतल्या प्रवाशांच्या विमानातल्या गोंधळाला कंटाळून, ऑगस्ट २०२४ मध्ये केली. कंपनी आयर्लंडची, आणि या वादाची मुळेही बरीचशी तिथेच सापडतात.

१९३९ पासून अटलांटिक ओलांडणारी उडती जहाजे लिमरिक परगण्यातल्या फॉइन्सला, शॅनन नदीच्या मुखाशी, पाण्यावर उतरत. एका दमात युरोपातून अमेरिका गाठण्याइतके इंधन त्यांच्यात मावत नसे. त्यामुळे हवामान निवळेपर्यंत मुक्काम ठरलेलाच, आणि कधी कधी निम्म्या वाटेतून माघारी येणेही. १९४३ च्या हिवाळ्यात असेच एक विमान परत आले. गारठलेल्या प्रवाशांसाठी तिथले आचारी जो शेरीडन यांनी कडक कॉफीत व्हिस्की घातली, असे सांगतात. आयरिश कॉफी ती हीच. गरम काळी कॉफी, तपकिरी साखर, व्हिस्की, आणि चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलेली, जराशी फेटलेली साय. साखर विरघळलेली असली की साय वर तरंगते, नाहीतर तळाला जाते. अडकलेल्या माणसाचा हा पाहुणचार होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

युद्ध संपताच वाहतूक नदीपलीकडे, शॅननच्या धावपट्टीवर गेली. फॉइन्सची खानपान व्यवस्था पाहणारे ब्रेंडन ओरेगन यांनी १९४७ मध्ये शॅननला जगातले पहिले करमुक्त विमानतळ दुकान उघडले. थांबलेला प्रवासी हाच आता धंद्याचा आधार झाला. पुढे जेट विमाने आली, शॅननला थांबण्याची गरज उरली नाही, पण ही पद्धत जगभर पसरली.

ब्रिटनने १९५६ मध्ये खास कायदा करून आंतरराष्ट्रीय विमानतळांवरच्या बारना वेळेच्या बंधनातून सोडवले. विमाने रात्री-अपरात्री सुटतात, प्रवासी कुठल्या देशाच्या घड्याळावर चालतोय ते सांगता येत नाही, त्यामुळे ही सवलत रास्तच होती. इंग्लंड आणि वेल्समधला २००३ चा परवाना कायदाही मोठ्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीपलीकडे लागू होत नाही. पहाटे पाचला बिअर मिळते ती यामुळे. २०१८ मध्ये सरकारने या सवलतीबद्दल मते मागवली, पण ती उठली नाही.

नशेत विमानात चढणे ब्रिटनमध्ये गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे शिक्षा पिणाऱ्याला, आणि हजारो फुटांवर त्याला आवरण्याचे काम केबिन क्रूचे. पाजणारा बार मात्र परवाना कायद्याच्या कक्षेबाहेर. ओलिअरींच्या मागणीत विमान कंपनीचा स्वार्थ आहेच, तरी या एका मुद्द्यावर त्यांचे म्हणणे मला पटते.