कोहलर वेगळा, फ्रायबर्ग वेगळा

दसरा झाला की आठ-पंधरा दिवसांत माझ्याकडे दोन-तीन मुली तरी चवडा धरून येतात. वडोदऱ्यात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळायचा म्हटल्यावर पाय दुखणारच, आणि बहुतेकींचा आठवड्याभरात थांबतोही. एखादीचा थांबत नाही. मग एक्स-रे होतो, रिपोर्टवर ‘फ्रायबर्ग’ लिहून येतं, आई रात्री मोबाइलवर शोधते आणि तिथे ‘यालाच कोहलरचा दुसरा आजार म्हणतात’ असं वाचते. पुढचं वाक्य मला पाठ झालंय: “ताई, माझ्या भाच्याला कोहलरच झाला होता. दीड वर्षात हाड आपोआप भरलं. हिचंही भरेल ना?”

घोळ नावापासून आहे. आल्बान कोहलर या जर्मन क्ष-किरणतज्ज्ञाने 1908 मध्ये लहान मुलांच्या नॅव्हिक्युलर हाडाचा, म्हणजे पावलाच्या कमानीच्या माथ्यावरच्या छोट्या हाडाचा आजार मांडला. चवड्यातल्या हाडाचा आजार 1914 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या आल्बर्ट फ्रायबर्गने मांडला. त्यावर पुढे कोहलरनेही लिहिलं, म्हणून काही पुस्तकांत तो ‘कोहलर दुसरा’ झाला. मी हे नाव तोंडी येऊ देत नाही, रिपोर्टवर दिसलं तर खोडून शेजारी फ्रायबर्ग लिहिते.

आधी कोहलर भरभर सांगते. चार ते सात वर्षांचं मूल, बहुधा मुलगा. पायाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर दुखतं आणि पोर पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकत लंगडतं. एक्स-रेत ते हाड चेपून नाण्यासारखं दिसतं. सहा-आठ आठवडे गुडघ्याखाली चालायचं प्लास्टर घातलं की दुखणं लवकर जातं. नाही घातलं तर महिनोन्‌महिने रेंगाळतं, पण हाड शेवटी भरतंच. ऑपरेशनचा प्रश्नच नाही.

आता खरी गल्लत. दोन्हींत हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून लोक धरून चालतात की शेवटही सारखाच होणार. पण चार-पाच वर्षांच्या मुलाचं नॅव्हिक्युलर अजून बरंचसं कूर्चाच असतं. पावलाच्या मागच्या भागातल्या हाडांत हाडपण यायला त्यालाच सर्वांत उशीर लागतो. कोहलरमध्ये चेपतो तो त्याच्या पोटातला कोवळा गाभा, भोवतीचं कूर्चेचं कवच शाबूत राहतं. चहूबाजूंनी बारीक रक्तवाहिन्या पुन्हा आत शिरतात आणि गाभा त्याच साच्यात भरून येतो. भाच्याचं हाड भरलं ते असं.

फ्रायबर्गमध्ये साचाच खचतो. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, चवड्यात, मेटाटार्सल हाडाचं गोल डोकं असतं. हे हाड बहुतेकांत सर्वांत लांब आणि मागच्या बाजूला घट्ट रुतलेलं, त्यामुळे टाच उचलली की भाराचा मोठा वाटा त्याच्यावर येतो. (कधी तिसऱ्या बोटाचंही हाड धरतं.) मुली अकरा ते सतरा वर्षांच्या असतात, म्हणजे हाडांची वाढ संपत आलेली. डोक्याचा वरचा भाग खचला की त्यावरची सांध्याची गुळगुळीत कूर्चाही त्याच्याबरोबर खाली जाते. नंतर रक्त परत आलं तरी हाड भरतं ते चपट्या आकारात, आणि बोटाचा सांधा त्या चपट्या डोक्यावर रोज घासत राहतो. डोकं खचण्याआधी भार काढून घेतला तर सांधा वाचू शकतो. तेवढीच मुदत हातात असते, आणि तीच ‘थांबून बघू’ म्हणण्यात जाते. भर म्हणजे सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. चवड्यातलं दुखणं हटत नसेल तर एमआरआय करून घ्या.

बाबाजीपुऱ्यातली चौदा वर्षांची एक मुलगी अशीच सव्वा वर्ष थांबून माझ्याकडे आली. दुसरं बोट मी हलकेच वर उचललं तर अर्ध्यावर अडकलं, आणि तिने ओठ दाबून घेतले. सव्वा वर्ष तिला तेलाची मालिश आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. रक्तच पोचत नाही तिथे गोळी काय पोचवणार? मालिशने तर सांधा आणखी चिडतो.

डोकं खचलं आणि दुखणं हटेना, तर सर्जन सांध्यातले सुटे तुकडे काढतात, किंवा हाडातून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून डोकं असं वळवतात की खालची धड कूर्चा वर येऊन बोटासमोर बसते. वाढत्या वयाच्या मुलीच्या या हाडाचं डोकंच काढून टाकायला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्याचा भार शेजारच्या हाडांवर जातो आणि दुखणं तिकडे सरकतं. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या सर्जनला जरूर दाखवा.

लवकर सापडलं तर उपाय साधे आहेत: दुखणं जास्त असेल तर काही आठवडे प्लास्टर किंवा प्लास्टरऐवजी घालायचा आधाराचा बूट, मग न वाकणाऱ्या तळाचे जोडे आणि आत पॅड. या पॅडपाशी दहातल्या नऊ जणी चुकतात. दुखतं तिथेच खाली ठेवतात, म्हणजे दुखऱ्या हाडाला खालून आणखी रेटा. पॅड त्याच्या जरा मागे, टाचेच्या बाजूला हवं. मी दुखऱ्या जागी ओलं कुंकू लावते, पाय जोड्यात घालून मुलीला उभं करते आणि काढते. आतल्या सोलवर लाल ठिपका उमटतो. पॅडची पुढची कड त्या ठिपक्याच्या मागे थांबली पाहिजे. आईने हे एकदा नीट पाहिलं की पुढचा जोडा ती घरी स्वतःच तयार करते.

आणि प्रत्येक मुलगी जे विचारते त्याचं उत्तर: चवडा दुखतोय तोवर गरबा नाही. दुखणं पूर्ण थांबलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर कडक तळाचे बूट आणि पॅड घालून खेळ. चणिया-चोळीखाली बूट दिसले तर दिसू देत. अनवाणी नाही, आठमीलाही नाही.