महामार्गावरील इंजिनगती व इंजिनाची झीज

महामार्गावर मोटारगाडी सलग वेगाने चालत असता इंजिनाच्या प्रतिमिनिट फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा, पिस्टन, रिंग, सिलिंडर आणि बेअरिंग या घासणाऱ्या भागांच्या झिजेशी असलेला संबंध हा या नोंदीचा विषय आहे. फेरे वाढले की झीज त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत गाडी चालवणाऱ्यांत दृढ आहे. वंगणशास्त्राचा निष्कर्ष मात्र तसा नाही. धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात की त्यांच्यामध्ये तेलाचा थर उभा राहतो, यावर झीज मुख्यतः ठरते, आणि तो थर टिकणे हे फेऱ्यांइतकेच इंजिनावरील भारावर व तेलाच्या तापमानावर अवलंबून असते.

गाडीचा वेग आणि इंजिनाचे फेरे यांचे नाते गिअर ठरवतो. ज्या लहान पेट्रोल गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर आहे आणि वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ३ फेरे होतात, तिचे इंजिन दर किलोमीटरला सुमारे १,५८० फेरे घेते आणि ताशी १०० किलोमीटर वेगाला त्याची गती २,६०० आरपीएमच्या थोडी वर असते. येथे सहसा दुर्लक्षिली जाणारी बाब अशी की, त्याच गिअरमध्ये वेग ८० असो वा १००, एका किलोमीटरमागील फेऱ्यांची संख्या बदलत नाही; बदलतो तो त्या फेऱ्यांना लागणारा वेळ आणि त्यांच्यावर पडणारा भार. पिस्टनची धाव, म्हणजे सिलिंडरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, ७५ मिलिमीटर धरली, तर वरच्या गिअरमध्ये दर किलोमीटरला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर सुमारे २४० मीटर घासतो, तर शहरातल्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर तेच अंतर ६०० मीटरच्या पुढे जाते. पुण्याच्या विद्यापीठ चौकात इंजिन चालू ठेवून ५ मिनिटे थांबलेल्या गाडीचे इंजिन ८०० आरपीएमने ४,००० फेरे घेते. एवढ्या फेऱ्यांत ती महामार्गावर अडीच किलोमीटर गेली असती. समान किलोमीटर धावलेल्या दोन गाड्यांपैकी पुणे–मुंबई फेऱ्या करणारीचे इंजिन शहरात फिरलेल्या गाडीच्या इंजिनापेक्षा सुस्थितीत आढळते, याचे एक कारण या हिशेबात आहे.

फेऱ्यांचा थेट परिणाम होतो तो जडत्वबलावर. पिस्टन प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरतो, आणि त्यासाठी कनेक्टिंग रॉड व त्याच्या बेअरिंगला सोसावे लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २,६०० ऐवजी ५,२०० आरपीएम केल्यास ते चौपट होते. वरील उदाहरणात ताशी १०० किलोमीटरला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला सुमारे ६.६ मीटर असते. ६,००० आरपीएमला ती १५ मीटर होते. महामार्गावरील नेहमीची गती अशा रीतीने इंजिनाच्या मर्यादेच्या बरीच आत राहते.

तेलाचा थर दोन पृष्ठभागांना कसा वेगळे ठेवतो, याचा उलगडा रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांतून झाला. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या वतीने बीचम टॉवर यांनी १८८३ मध्ये जे प्रयोग मांडले, त्यांत तेल सोडण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. भोक बुजवण्यासाठी ठोकलेले बूच व नंतरची लाकडी खुंटीही तेलाने बाहेर ढकलली. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून आत दाब निर्माण करतो आणि त्या दाबावर भार तरंगतो, हे यातून दिसले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित दिले. रशियात पेट्रोव यांनीही १८८३ च्या सुमारास तेलाच्या थरातील घर्षणाचा स्वतंत्र विचार केला होता.

गती वाढत जाताना घर्षण आधी घटते, एका ठिकाणी किमान होते आणि मग हळूहळू वाढते, हे दाखवणारा वक्र जर्मन अभियंता रिखार्ड श्ट्रिबेक यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे मोजमाप १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. या नामकरणाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत रॉबर्ट थर्स्टन यांनी १८७० च्या दशकात स्वतःच्या तेलचाचणी यंत्रावर घर्षणाचा किमान बिंदू नोंदवला होता, त्यामुळे पहिल्या निरीक्षणाचा मान त्यांना द्यावा असे काही अभ्यासक म्हणतात. दुसरा पक्ष आडोल्फ मार्टेन्स यांचा आहे. पोलादातील ‘मार्टेन्साइट’ या घटकाला ज्यांचे नाव आहे तेच हे. बर्लिनजवळच्या सरकारी चाचणी संस्थेत त्यांनी अशी मोजमापे १८८० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे श्ट्रिबेक यांच्या आधी दहाहून अधिक वर्षे, केली व छापलीही होती. शिवाय आज पाठ्यपुस्तकांत दिसणारा एकच सलग वक्र मुळात श्ट्रिबेक यांच्या लेखात नव्हता. त्यांनी निरनिराळ्या भारांसाठी निरनिराळे वक्र दिले होते. तेलाचा दाटपणा गुणिले गती भागिले दाब या एका राशीवर ते सर्व एकत्र आणण्याचे श्रेय १९१४ च्या सुमारास गुंबेल यांना, व त्याच वर्षी अमेरिकेतील हर्सी यांनी सुचवलेल्या तशाच राशीमुळे त्यांनाही दिले जाते. मोजमापांची पद्धतशीरता पाहता मार्टेन्स यांचा दावा अधिक बळकट वाटतो, तरी श्ट्रिबेक यांनी गती व भार यांचा घेतलेला आवाका व्यापक होता आणि तंत्रज्ञांपर्यंत पोहोचले ते त्यांचेच आकडे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती याच राशीची मांडणी. गती अंशात आहे आणि दाब छेदात. म्हणजे फेरे वाढले तर थर जाड होतो, भार वाढला तर तो पातळ होतो, आणि तेल तापून पातळ झाले तरीही तो पातळच होतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये हा थर काही मायक्रॉनांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अतिभारित क्षणी एखाद्या मायक्रॉनचा असतो. तो अखंड असेपर्यंत धातू धातूला टेकत नाही. आर्चर्ड यांचे १९५३ चे सूत्र, ज्यात झीज ही भार व घासलेले अंतर यांच्या प्रमाणात आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात मानली आहे, ते पृष्ठभाग टेकल्यानंतरच लागू पडते. अखंड थरावर चालणाऱ्या बेअरिंगला ते लावून ‘इतके फेरे म्हणजे इतकी झीज’ असा हिशेब करणे चुकीचे आहे.

सिलिंडरची स्थिती निराळी असते. पिस्टन मधल्या पट्ट्यात वेगाने सरकत असता रिंगखाली थर टिकतो, पण वरच्या टोकाला त्याची गती क्षणभर शून्य होते आणि नेमक्या त्याच सुमारास ज्वलनाचा दाब सर्वाधिक असतो. तेथे थर तुटतो. जुन्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडल्यावर वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते तिथे बोटाच्या नखाला अडणारी कड लागते. मेकॅनिक ‘बोअरला (सिलिंडरच्या पोकळीला) रिज आली’ म्हणतात ती हीच. तिच्या वर मूळ मापाचा बोअर असतो आणि खाली तो झिजून मोठा झालेला. अशा जागी वंगणापेक्षा तेलातील रसायने उपयोगी पडतात. १९४० च्या दशकापासून वापरात असलेले जस्त व फॉस्फरसयुक्त संयुग झेडडीडीपी पृष्ठभागावर सुमारे १०० नॅनोमीटरचे काचसदृश कवच तयार करते, आणि धातूऐवजी ते कवच झिजते.

या विवेचनाचा प्रत्यक्ष कस लागतो तो घाटात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, अधिकृत नावाने यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग, २००२ मध्ये पूर्णतः खुला झाला. कळंबोली ते किवळे या सुमारे ९४.५ किलोमीटरच्या मार्गावर खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर चढतो. सपाटीवर ताशी १०० किलोमीटरला लहान गाडीला हवेचा अडथळा भेदण्यासाठी सुमारे ९ किलोवॉट लागतात. १,२०० किलो वजनाच्या गाडीला शेकडा ५ चढावर ताशी ६० किलोमीटरला केवळ उंची गाठण्यासाठी जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे १० किलोवॉट जादा लागतात. हे बळ चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर ओढून काढले, तर प्रत्येक ज्वलनाचा दाब वाढतो आणि गती मात्र कमी राहते. वरील राशीत छेद मोठा व अंश लहान होतो. चालकाला पायाखाली थरथर जाणवते, ॲक्सिलरेटर दाबूनही पिकअप मिळत नाही आणि जुन्या पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याचा, खडखडाट ऐकू येतो. टर्बो व थेट इंधनफवारणी असलेल्या पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवरील अशा भाराने ठिणगीपूर्वीच ज्वलन होऊन पिस्टन फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गिअर उतरवून २,५०० ते ३,००० आरपीएमवर चढणे आवाजाला मोठे वाटले तरी इंजिनाला सोपे जाते. कात्रज व खंबाटकी घाटांना हेच लागू आहे.

उतारावर खालच्या गिअरने गाडी धरून ठेवल्यास इंजिन झिजते, म्हणून न्यूट्रल करून उतरावे, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो धोकादायक तर आहेच, शिवाय यांत्रिकदृष्ट्या निराधार आहे. ॲक्सिलरेटर सोडला असता आधुनिक इंजिनात इंधन बंद होते, सिलिंडरमधील दाब अल्प असतो आणि तेलाचा पंप मात्र पूर्ण वेगाने फिरत असतो. रिंग व व्हॉल्व्ह गाइड आधीच झिजलेल्या इंजिनात या स्थितीत तेल वर ओढले जाते आणि उतार संपून ॲक्सिलरेटर दाबताच निळसर धूर येतो. तो आधीच्या झिजेची खूण समजावी.

तेलाच्या तापमानाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. ३० ग्रेडचे तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच १०० अंशांना उरते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढत असल्याने ताशी १०० वरून १२० किलोमीटरवर गेल्यास हवेपोटीची शक्ती सुमारे १.७ पट होते. मे महिन्याच्या दुपारी दीर्घकाळ तसे चालवले तर तेल तापते, पातळ होते आणि लवकर जीर्ण होते. महामार्गावर वेगाने होणारी हानी ही अशी प्रामुख्याने उष्णतेच्या वाटेने येते. टर्बोचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, म्हणून घाट चढून लोणावळ्यात चिक्कीसाठी थांबताना इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर संथ चालू ठेवणे हितावह असते.

थंड इंजिनातली झीज बरीचशी रासायनिक असते. ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की सिलिंडरची भिंत थंड असता ज्वलनातील पाणी व आम्ले तिच्यावर साचतात आणि झीज झपाट्याने वाढते. इंधनातील गंधक घटल्याने हा दोष आता सौम्य झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या वाहनप्रदूषण मानकात डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग आहे. मात्र त्याच मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर जाळून साफ होण्याची क्रिया पुण्यातील कोथरूड ते डेक्कनसारख्या छोट्या फेऱ्यांत अर्धवट राहते आणि जादा फवारलेले डिझेल तेलात उतरते; डिपस्टिकवर तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली दिसते. महामार्गावरील सलग फेरीत ही साफसफाई पूर्ण होते. एकूण झिजेपैकी तीन-चतुर्थांश झीज इंजिन सुरू होतानाच होते, हे सर्रास सांगितले जाणारे प्रमाण कोणत्या इंजिनाचे व कोणत्या तापमानाचे हे सांगितल्याखेरीज निरर्थक ठरते. दिशा बरोबर आहे, एवढेच मानावे.

झिजेचे मोजमाप तेलाच्या नमुन्यातील लोह, तांबे, शिसे यांच्या प्रमाणावरून किंवा किरणोत्सर्गी केलेल्या रिंगच्या साहाय्याने करतात. इंजिनांच्या टिकाऊपणाच्या चाचण्या पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत व शहर परिसरातील इंजिननिर्मात्यांच्या चाचणीकक्षांत होतात. अशा चाचण्यांत इंजिन पूर्ण भार व उच्च गतीवर शेकडो तास चालवले जाते. नंतर ते सुटे करून बोअर, रिंग व बेअरिंगची मापे मूळ मापांशी ताडून पाहिली जातात.