बॅटरीवरचा व्हॉल्व्ह बफर : गोष्ट हीटरच्या भुकेची

सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि पॉवर ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता त्याला पुढचं यंत्र हाकण्याचं बळ देणारा टप्पा, बसवायचा आणि तो बॅटरीवर चालवायचा, ही कल्पना आज नवी वाटते. खरं तर व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची निर्वात नळी, जन्मला तोच बॅटरीवर. तिच्यात तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, ते प्लेटकडे जातात आणि मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांना आवरते. पुढे तो बॅटरीवरून उतरला, परत चढला, परत उतरला. दरवेळी हिशेब बिघडला तो एकाच जागी : आतली तार (फिलामेंट किंवा हीटर) तापवायला लागणाऱ्या करंटमध्ये. प्लेटचं व्होल्टेज जास्त लागतं म्हणून बॅटरी परवडत नाही, असं नवशिके समजतात. प्लेटचा खर्च किरकोळ असतो. पोट असतं ते हीटरला.

१९२० च्या दशकातल्या अमेरिकी रेडिओला तीन बॅटऱ्या लागत. ‘ए’ बॅटरी फिलामेंटसाठी, ‘बी’ प्लेटसाठी, ‘सी’ ग्रिडच्या बायससाठी (तिच्यावरच्या ठरावीक स्थिर व्होल्टेजसाठी). ‘बी’ म्हणजे २२.५ किंवा ४५ व्होल्टचे कोरडे ठोकळे. ४५ व्होल्टच्या ठोकळ्यात दीड-दीड व्होल्टचे ३० सेल ओळीने जोडलेले. प्लेटला जेमतेम काही मिलिअँपिअर लागत असल्याने हे ठोकळे महिनोन्‌महिने पुरत. ‘ए’चं मात्र रोजचं दुखणं. त्या काळी घरोघरी असलेला यूव्ही-२०१ए हा व्हॉल्व्ह ५ व्होल्टवर पाव अँपिअर घेई. चार व्हॉल्व्हचा सेट म्हणजे सरळ एक अँपिअर, म्हणून खाली ६ व्होल्टची ॲसिडची बॅटरी ठेवावी लागे आणि ती वरचेवर चार्ज करावी लागे. ६ चे ५ व्होल्ट करायला पॅनेलवर ऱ्हिओस्टॅट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असे. जोडताना ‘बी’ची वायर चुकून ‘ए’च्या टर्मिनलला लागली, की सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात उडत. बॅटरीच्या वायरींना वेगवेगळे रंग देण्याची शिस्त आजही पाळावी, ती याच कारणासाठी.

१९२७ साली यूवाय-२२७ हा व्हॉल्व्ह आला आणि चित्र पालटलं. यात तापणारी तार वेगळी आणि इलेक्ट्रॉन सोडणारी कॅथोडची नळी वेगळी. तार नळीच्या आत, मध्ये इन्सुलेशन. त्यामुळे हीटरला थेट एसी देता आला आणि स्पीकरमधली घरघर आटोक्यात राहिली. पण हा हीटर २.५ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेई, म्हणजे जवळजवळ साडेचार वॉट. २०१ए सव्वा वॉटवर भागवत होता. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या सेटला याची फिकीर नव्हती, पण बॅटरीची वाट तिथेच बंद झाली. दुसरीकडे, कॅथोड हीटरपासून सुटा झाला म्हणून पुढे कॅथोड फॉलोअर सोपा झाला. ब्रिटनमध्ये इंजिनिअर ॲलन ब्लमलाइनने १९३४ मध्ये त्याचं पेटंट दाखल केलं. आज ज्याला आपण बफर म्हणतो तो बहुधा हाच असतो : सिग्नल ग्रिडला द्यायचा, कॅथोडवरून घ्यायचा. गेन (सिग्नल किती पट होतो तो आकडा) एकाहून किंचित कमी, पण आउटपुट इम्पीडन्स (बाहेर जाणाऱ्या सिग्नलला होणारा आतला अडथळा) काही शे ओहमवर येतो. लांब केबल किंवा १० किलो-ओहम इनपुटचा ॲम्प्लिफायर चालवायला तेवढं पुरतं.

बॅटरीवाल्यांनी मग उलटा रस्ता धरला : नळी काढून टाका, तारच कॅथोड ठेवा आणि ती होईल तितकी बारीक करा. १९४० च्या सुमारास अमेरिकेत १आर५, १टी४, १एस५ हे सात पिनांचे इवलेसे व्हॉल्व्ह निघाले. युरोपात यांनाच डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ म्हणत. बहुतेकांचं फिलामेंट १.४ व्होल्टवर फक्त ५० मिलिअँपिअर घेई, नंतरच्या ‘९६’ मालिकेत तेही २५ वर आलं. एक सेल आणि ६७.५ किंवा ९० व्होल्टचा पॅक, एवढ्यावर अख्खा रेडिओ. आपल्याकडे वीज न पोहोचलेल्या गावांत ट्रान्झिस्टर येईपर्यंत रेडिओ ऐकला गेला तो अशाच ड्राय पॅकवर.

हे व्हॉल्व्ह आजही मिळतात आणि बफरसाठी मोह होतो, पण यात एक पेच आहे. तारच कॅथोड असल्याने कॅथोड फॉलोअरमध्ये फिलामेंट, आणि त्याला जोडलेली बॅटरीसुद्धा, सिग्नलबरोबर वर-खाली होते. दोन चॅनलांना एकच सेल दिला तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र सेलच हवा. नवा अल्कलाइन सेल १.६ व्होल्ट देतो, म्हणून ५० मिलिअँपिअरच्या फिलामेंटला ४ ओहमचा रेझिस्टर ओळीत टाकायचा. वरून ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्यांची माळ लावली की ९० व्होल्ट डीसी होतात, आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. उघड्या क्लिप चालणार नाहीत.

श्रवणयंत्रांनी तार आणखी बारीक केली. ६४१८ हा पेन्सिलीहून बारीक व्हॉल्व्ह १.२५ व्होल्टवर १० मिलिअँपिअरमध्ये चालतो. डिसेंबर १९५२ मध्ये सोनोटोनचं १०१० हे श्रवणयंत्र आलं, त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांचा संसार इथूनच सुरू झाला. श्रवणयंत्रांची २२.५ व्होल्टची बॅटरी १९५४ च्या रीजेन्सी टीआर-१ या खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओनेही उचलली.

घरच्या बफरसाठी खरा खजिना आहे तो मोटारींच्या रेडिओत. १९५५ च्या आसपास अमेरिकी गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. तोवर गाडीच्या बॅटरीतून प्लेटचं मोठं व्होल्टेज काढायला व्हायब्रेटर (करंट सतत तोडत-जोडत राहणारी यांत्रिक पत्ती) लागे, आणि तो गुणगुणे, झिजे, बंद पडे. जर्मेनियमचे पॉवर ट्रान्झिस्टर आता स्पीकर हाकू शकत होते, पण रेडिओच्या वरच्या फ्रीक्वेन्सींना ते पोहोचत नव्हते. तेव्हा पुढचे टप्पे व्हॉल्व्हचे आणि शेवटचा ट्रान्झिस्टरचा, अशी वाटणी झाली. त्यासाठी प्लेटलाच थेट १२ व्होल्ट घेणारे व्हॉल्व्ह बनले : अमेरिकेत १२एई६, १२यू७, १२के५, युरोपात ईसीसी८६, ईएफ९८. इंजिन चालू असताना आणि नसताना गाडीचं व्होल्टेज बदलतं, म्हणून अमेरिकी मालिकेच्या हीटरला १० ते १५.९ व्होल्टची मुभा होती. बॅटरीवर बफर बांधणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं! वरच्या फ्रीक्वेन्सींनाही पोहोचणारे ट्रान्झिस्टर आले आणि ही मालिका काही वर्षांतच संपली.

सीडी १९८२ मध्ये आली. तिच्या ‘कोरड्या’ आवाजाच्या तक्रारीतून १९९० च्या दशकात व्हॉल्व्ह बफर हा वेगळा डबा म्हणून विकला जाऊ लागला. नंतर हौशी लोकांनी मोटारीचे व्हॉल्व्ह शोधून काढले, आणि १२एई६ला २४ व्होल्टवर वापरणारं इंजिनिअर पीट मिलेटचं हेडफोन ॲम्प्लिफायर गाजलं. ईसीसी८२ या मुळात मोठ्या प्लेट व्होल्टेजच्या व्हॉल्व्हला १२ व्होल्ट देणारी किटंही निघाली. ती वाजतात, पण एकाच कंपनीचे दोन नग सारखे वागत नाहीत. प्लेटला २५० व्होल्ट असताना ग्रिडजवळचा अर्ध्या व्होल्टचा फरक कुठे जाणवत नाही. १२ व्होल्टवर तोच अर्धा व्होल्ट सगळा करंट ठरवतो. मुळात १२ व्होल्टसाठी बनलेला व्हॉल्व्ह घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

१२यू७ चा हिशेब पाहा. त्याच्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे कॅथोड-ग्रिड-प्लेटचे दोन संच असतात. हीटर १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे १.९ वॉट. प्लेटचे दोन्ही भाग मिळून त्याचा शंभरावा हिस्साही घेत नाहीत. सीडी प्लेअरचे २ व्होल्ट आरएमएस (परिणामी मूल्य) म्हणजे शिखराला २.८३ व्होल्ट. एकाच १२ व्होल्टवर, ग्रिड जमिनीशी (ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टला) ठेवून कॅथोड फॉलोअर बांधला, तर कॅथोड शून्याखाली जाऊच शकत नाही आणि सिग्नलची खालची बाजू छाटली जाते. त्यासाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद बॅटऱ्या ओळीने जोडून मधला सांधा ग्राउंड करावा. दर चॅनलला एक व्हॉल्व्ह, त्याचे दोन्ही ट्रायोड समांतर. दोन्ही हीटर एकामागे एक जोडून २४ व्होल्टवर टाकावेत, म्हणजे बॅटऱ्या सारख्याच उतरतात. प्लेट +१२ ला. कॅथोडपासून −१२ पर्यंत १५ किलो-ओहम. ग्रिडला जमिनीशी १ मेगओहम आणि पिनला अगदी टेकून १ किलो-ओहम, नाहीतर व्हॉल्व्ह रेडिओ फ्रीक्वेन्सीवर आपणच वाजू लागतो. आउटपुटला २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कॅपॅसिटर, त्यानंतर जमिनीशी ४७० किलो-ओहम.

पुष्कळ जण करंट वाढवायला १५ च्या जागी ६.८ किलो-ओहम लावतात आणि आवाज बिघडवून घेतात. इतक्या कमी प्लेट व्होल्टेजला तो करंट मिळवायला ग्रिड कॅथोडच्या बरोबरीला येते, वरच्या शिखरांना ग्रिड करंट वाहू लागतो आणि तेवढीच बाजू वाकते. मीटरवर कॅथोड ग्रिडपेक्षा साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट वर दिसला पाहिजे. ०.१ दिसला तर रेझिस्टर १८ किंवा २२ किलो-ओहम करावा.

हीटर थंड असेपर्यंत कॅथोड −१२ ला ओढलेला असतो आणि तापल्यावर वर येतो. तो धक्का कॅपॅसिटरमधून पुढे जातो. म्हणून बफर आधी चालू करून अर्ध्या मिनिटाने पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना उलटा क्रम. दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनललाच १ अँपिअरचा फ्यूज हवा, कारण ७ अँपिअर-अवरची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन पेटते. हिशेबाने ४५ तास मिळतात, पण बॅटरी निम्मीच उतरवावी, ११.५ व्होल्टच्या खाली नेत राहिलं तर आत सल्फेट धरतं आणि वर्षभरात ती कामातून जाते. चार्जर लावून ऐकू नये. हीटरला ते व्होल्टेज सोसतं, पण चार्जरमार्गे विजेचा गोंगाट परत आत येतो आणि बॅटरीचा उपयोगच उरत नाही. चार्जरच्या दोन्ही वायरी तोडणारा स्विच बसवावा.

२०१५ मध्ये कॉर्ग आणि नोरिटाके इट्रॉन या जपानी कंपन्यांनी न्यूट्यूब ६पी१ हा दोन भागांचा नवा व्हॉल्व्ह जाहीर केला. त्याचं तंत्र घड्याळांच्या आणि कार स्टीरिओंच्या निळसर-हिरव्या डिस्प्लेचं. दर भागाचं फिलामेंट ०.७ व्होल्टवर १७ मिलिअँपिअर घेतं. दोन्ही मिळून सुमारे २४ मिलिवॉट, म्हणजे १२यू७ च्या जवळपास ऐंशीपट कमी. पण इथेही तारच कॅथोड आहे. त्यामुळे तो थेट फॉलोअर म्हणून न वापरता गेनसाठी वापरतात आणि आधी-नंतर फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बसवतात. आणि ताणलेली बारीक तार वाजते : टेबलाला बोट लागलं तरी स्पीकरमधून घुंगरासारखा किणकिणाट येतो. पीसीबी (सर्किटची पाटी) मऊ फोमवर ठेवून, बाहेर जाणाऱ्या वायरी पातळ आणि सैल ठेवल्या की तो बराच दबतो. जाड, ताठ वायर एकच राहिली तरी फोम असून नसल्यासारखा होतो.