घरविक्रीची जाहिरात (पुणे परिसर)

घर पाहायला यावे की नाही, हे गिऱ्हाइकाला घरबसल्या ठरवता येईल इतकी माहिती देणारा मजकूर, त्यासोबतची छायाचित्रे आणि आराखडा, असे घरविक्रीच्या जाहिरातीचे स्वरूप असते. वृत्तपत्रातील छोटी जाहिरात, सोसायटीच्या फलकावरचा कागद, मालमत्ता-संकेतस्थळावरील नोंद आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर ही तिची रूढ रूपे होत. या नोंदीत मुख्यतः रिसेलच्या, म्हणजे पुनर्विक्रीच्या, सदनिकांचा विचार केला आहे.

पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ (1849), ‘केसरी’ (1881), ‘सकाळ’ (1932) अशी वृत्तपत्रांची जुनी परंपरा असली, तरी ‘फ्लॅट विकणे आहे’ या वळणाची जाहिरात त्या मानाने अलीकडची, बहुधा 1960 नंतरच्या दशकांत रुळलेली दिसते. तिचा उगम दोन गोष्टींशी जोडता येतो. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरानंतर पेठांतील वस्ती बाहेर सरकली, ही एक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम (1960) आणि मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा मोफा हा 1963 चा कायदा, ही दुसरी. दुसरे कारण अधिक सयुक्तिक वाटते. वाड्यांतील बिऱ्हाडे बहुतांशी भाड्याची होती. सदनिकेवर स्वतंत्र मालकी सांगता येऊ लागल्यावरच तिची अशी जाहिरात संभवते. ‘त्वरित ताबा’, ‘एजंट क्षमस्व’ ही तुटक भाषा छापील जागेच्या हिशोबातून आली. संकेतस्थळावर जागेची तशी टंचाई नसतानाही ती टिकून आहे.

क्षेत्रफळ हा जाहिरातीतील सर्वांत वादाचा भाग आहे. मोफात 2008 मध्ये झालेल्या दुरुस्तीने चटई क्षेत्रावर (कार्पेट एरियावर) विक्री करण्याचा दंडक आला. पुढे 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने कलम 2(के) मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या दिली. त्या व्याख्येनुसार सदनिकेतील निव्वळ वापराच्या जागेत आतल्या विभाजक भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, खासगी बाल्कनी वा व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत. जुन्या करारांत मात्र बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंतचे आतले माप दिलेले असते आणि विभाजक भिंती वगळलेल्या असतात. त्यामुळे त्याच घराचे ‘रेरा कार्पेट’ जुन्या ‘कार्पेट’पेक्षा थोडे जास्त भरते. ‘सेलेबल’ किंवा ‘सुपर बिल्टअप’ला रेराच्या व्याख्येचा आधार नाही. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा ‘लोडिंग’ म्हणून चढवलेला असतो आणि हे लोडिंग इमारतीगणिक बदलते.

समजा, एका 2 बीएचकेचे आतले माप 560 चौ. फूट व विभाजक भिंती 25 चौ. फूट, म्हणजे रेरा कार्पेट 585 आहे. हॉलची बाल्कनी 65 आणि ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघरालगतची धुण्याभांड्यांची) 25 मिळवल्यास 675 चौ. फूट होतात. यावर 40 टक्के लोडिंग चढवले की ‘945 सेलेबल’ तयार होते. 81 लाख मागणी असल्यास दर सेलेबलवर सुमारे 8,571 रुपये, 675 वर 12,000 रुपये आणि रेरा कार्पेटवर सुमारे 13,846 रुपये चौ. फूट पडतो. घर एकच, दर तीन. म्हणून 585, 65 आणि 25 हे आकडे वेगवेगळे लिहावेत. सेलेबल द्यायचेच असेल तर शेवटी आणि ‘करारानुसार’ असे नमूद करून द्यावे. करारात चौरस मीटर असल्यास 10.764 ने गुणावे.

बंद करून हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी चटई क्षेत्रात धरावी की नाही, याबद्दल व्यवहारात एकवाक्यता नाही. जागा वापरात आहे म्हणून ती धरावी, असे विक्रेते म्हणतात. मंजूर नकाशात जी बाल्कनी आहे ती जाहिरातीतही बाल्कनीच लिहावी, हा पक्ष अधिक सुरक्षित आहे. बँकेचा मूल्यांकनकार नकाशाशीच ताडून पाहतो. फरक निघाल्यास मूल्यांकन उतरते आणि ठरलेला व्यवहार कर्जापाशी अडतो.

मजकुराच्या पहिल्या ओळीत ठिकाण, खोल्या, क्षेत्र आणि किंमत एवढेच यावे, कारण मोबाइलवरच्या यादीत तेवढेच दिसते. नमुना असा: ‘कोथरूड, आनंदनगर मेट्रो स्थानक चालत 7 मिनिटे. 2 बीएचके, रेरा कार्पेट 585 + बाल्कनी 65 + ड्राय बाल्कनी 25. 81 लाख.’ त्याखाली मजला व एकूण मजले, लिफ्ट, इमारतीचे वर्ष, दिशा, महापालिकेचे पाणी किती वेळ येते व उन्हाळ्यात टँकर लागतो का, मासिक मेंटेनन्स आणि ताब्याची तारीख द्यावी. पाण्याची ओळ बहुतेक जाहिरातींत नसते. धायरी, वाघोली, उंड्री यांसारख्या भागांत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मात्र बहुधा तोच असतो. ‘मेट्रोजवळ’ असे मोघम न लिहिता स्थानकाचे नाव द्यावे. मोहम्मदवाडीतील घराला शेजारच्या एनआयबीएम भागाच्या नावावरून ‘एनआयबीएम ॲनेक्स’ म्हटल्याने फोन वाढतात, पण पत्ता कळताच गिऱ्हाईक गळते.

पार्किंगबाबत शब्द जपून वापरावेत. स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधील) जागा विकासकाला सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निर्णय आहे. म्हणून ‘मालकीचे पार्किंग’ न लिहिता ‘सोसायटीने वाटप केलेले एक झाकलेले पार्किंग’ असे लिहावे आणि मोठी गाडी बसते का, तेही सांगावे.

कागदपत्रांची एक ओळ पुरते: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला), सूची-2 (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा उतारा), आधीच्या करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, अभिहस्तांतरण (जमीन व इमारत सोसायटीच्या नावे होणे) झाले की नाही, आणि घरावर कर्ज असल्यास बँकेचा बोजा. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर ते लपवू नये. कर्ज काढून घेणारे गिऱ्हाईक नेमके तिथेच अडते, आणि दोन्ही बाजूंचे महिने वाया जातात.

छायाचित्रांसाठी मोबाइल आडवा, साधारण छातीच्या उंचीवर धरावा. मोबाइलच्या 0.5 या रुंद भिंगाने खोली लांबलचक दिसते आणि प्रत्यक्ष पाहणीत निराशा होते. त्याऐवजी कोपऱ्यात उभे राहून साध्या भिंगाने घ्यावे. पूर्वेच्या खोल्या सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर घ्याव्यात. दोऱ्यांवरचे कपडे, ओट्यावरची भांडी आणि देवघराशेजारचे कुटुंबाचे फोटो आधी हलवावेत. पहिले चित्र हॉलचे, खिडकीच्या दिशेने. त्यानंतर स्वयंपाकघर, खोल्या, स्वच्छतागृहे, बाल्कनीतून दिसणारे दृश्य, पार्किंग व जिना. ओल असलेली भिंत रंगवून चित्र काढल्यास पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतो. गळती कुठून होती आणि दुरुस्ती केव्हा केली, हे लिहिलेले बरे. मोजमापांसह आराखडा असेल तर पलंग आणि कपाट बसेल का, हा प्रश्न फोनवरच सुटतो.

किमतीपुढे ‘निगोशिएबल’ लिहिल्यास बोलणी त्या आकड्याखालूनच सुरू होतात. पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के (केवळ महिलेच्या नावे 6) आणि नोंदणी शुल्क कमाल 30,000 रुपये धरल्यास 81 लाखांच्या घराला वर सुमारे 5.97 लाख लागतात. रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकानुसारचे, मूल्य अधिक असल्यास शुल्क त्यावर बसते.

नव्या प्रकल्पांना नियम कडक आहेत. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता लागतो. 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्याला रेराच्या कलम 12 नुसार भरपाई मागता येते. मालकाने स्वतः दिलेल्या रिसेलच्या जाहिरातीला हे प्रकल्प-नोंदणीचे बंधन नाही. विसारपावती होताच ती सर्व ठिकाणांहून उतरवावी. एखादी जुनी नोंद राहिली, तर महिनोन्महिने फोन येत राहतात.