पित्ताशय गेलं, तक्रारी राहिल्या

पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारे दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, ‘आता तेलकट कायमचं बंद’. दोन, ‘आता काळजी नाही, खड्यांची पिशवीच काढून टाकली ना!’ बहुतेकांच्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी ठरते. पण वेगवेगळ्या पाहण्या बघितल्या तर साधारण १० ते ४० टक्के लोकांना नंतरही पोटाचा काही ना काही त्रास राहतो किंवा नव्याने सुरू होतो. त्याला डॉक्टर ‘पोस्ट कोलेसिस्टेक्टॉमी सिंड्रोम’ म्हणतात. फाइलवर हे भारदस्त नाव आलं की निदान झालं असं वाटतं, पण ते कुठल्या एका आजाराचं नाव नाही. त्यात साध्या जुलाबांपासून स्वादुपिंडाच्या सुजेपर्यंत सगळं येतं. नेमकं काय आहे, याचा पहिला धागा मिळतो तो घड्याळात: त्रास कधी होतो, किती वेळ टिकतो आणि जेवणाशी त्याचा मेळ कसा बसतो.

आधी पित्ताशय काय करत होतं ते पाहू. पित्तरस तयार होतो यकृतात, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशयात मावतो फक्त ३० ते ५० मिलिलिटर, पण तिथे त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो दाट होतो. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात आले की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि पित्ताशय आकुंचन पावतं. नाशिककरांना हे समजावून सांगायला गंगापूर धरण पुरे. धरण पाणी अडवतं आणि गरजेच्या वेळी आवर्तन सोडतं. उद्या धरण नसलं तर गोदावरी काही आटणार नाही, पण पाणी बारा महिने आपल्या मनाने वाहत राहील आणि उन्हाळ्यात आवर्तन मागायची सोय राहणार नाही. पित्ताशय काढल्यावर पित्तरसाचं तसंच होतं. म्हणून बहुतेकांचं पचन सुरळीत चालतं, फक्त एकाच बैठकीत तर्रीवर तर्री घेतलेली मिसळ आणि वर भजी आली की हिशेब चुकतो. उपवासाची साबुदाणा खिचडी ‘हलकी’ म्हणून खाणाऱ्यांनी तिच्यातलं तूप आणि शेंगदाण्याचं कूट एकदा मोजावं. तेल-तूप पूर्ण तोडण्याची गरज नसते. ते दिवसभरात थोडं थोडं विभागून घेतलं की पुष्कळदा भागतं.

आता जुलाब. सकाळी चहा-नाश्ता झाला की अर्ध्या तासात घाई होते, कधी दोन-तीनदा, पातळ, पिवळट, आणि थांबवता येत नाही अशी. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाला ही घाई कसारा घाटात गाठते, तेव्हा तो घरून काही न खाताच निघायला लागतो. कारण बहुधा पित्ताम्लं हे असतं. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परततात. दिवसात हा फेरा अनेकदा होतो. पित्ताशय नसल्यावर हा पुरवठा अखंड चालू राहतो आणि काहींच्या बाबतीत जास्तीची पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात. ती तिथे पाणी ओढून आणतात. यावर कोलेस्टिरामाइन नावाची पावडर आहे, ती पित्ताम्लांना बांधून ठेवते. पण ती इतर गोळ्यांनाही बांधते, म्हणून थायरॉइड वगैरेची गोळी तिच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यावी लागते. वर्षानुवर्षं ‘आयबीएस’ (चिडक्या आतड्यांचा आजार) म्हणून सहन केलेला त्रास या एका पावडरीने आटोक्यात आल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत.

दुखण्याची गोष्ट वेगळी. जेवल्यावर जळजळ, आंबट ढेकर, आडवं झाल्यावर वाढणारा त्रास हा बहुधा आम्लाचा, आणि तो अनेकदा ऑपरेशनच्या आधीपासूनच असतो. खडे सोनोग्राफीत दिसले, दोष त्यांच्यावर गेला, आणि खडे गेल्यावर मूळचा त्रास उघडा पडला. पण बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली चढत जाणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी, झोपेतून उठवणारी आणि अँटासिडला न जुमानणारी कळ आली, तर विचार यकृतातून आतड्यात पित्तरस नेणाऱ्या पित्तनलिकेकडे वळायला हवा. (मधुमेह असेल तर आधी ईसीजी. हृदयविकाराची कळही पोटाच्या वरच्या भागात येऊ शकते.)

‘पिशवीच नाही, तर खडा कुठून येणार?’ हा प्रश्न रास्त आहे. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिलं पित्ताशय काढलं ते याच तर्काने: खडे घडवणारी जागाच काढायची. पण ऑपरेशनपूर्वीच एखादा खडा घसरून नलिकेत जाऊन बसलेला असू शकतो, आणि क्वचित नलिकेतही नवा तयार होतो. इथे सोनोग्राफीचा रिपोर्ट नीट वाचावा. ‘सीबीडी ८ मिमी’ (सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका) असं दिसलं की घरात घबराट होते. पित्ताशय काढलेल्या माणसाची नलिका १० मिलिमीटरपर्यंत रुंद असणं पुष्कळदा सर्वसाधारणच असतं. खरी पाहायची ओळ खाली असते: ‘नलिकेचा खालचा भाग आणि पॅनक्रियाज (स्वादुपिंड) गॅसमुळे स्पष्ट दिसत नाही’. म्हणजे जिथे खडा अडकण्याची शक्यता जास्त, ती जागाच दिसलेली नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ हा निष्कर्ष तिथे काढता येत नाही. एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) लागते ती यासाठी.

तो खालचा भाग महत्त्वाचा, कारण स्वादुपिंडाची नलिकाही तिथेच येऊन मिळते. १९०१ मध्ये अमेरिकेत यूजीन ओपी यांनी शवविच्छेदनात पाहिलं की त्या मुखाशी अडकलेल्या एका बारीकशा खड्याने स्वादुपिंडाचा दाह घडवला होता. स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं आतड्यात पोहोचल्यावर जागी व्हायची असतात. वाट अडली की ती आतच जागी होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारी सततची वेदना, उलट्या, पुढे वाकल्यावर किंचित उतार, हे त्याचं चित्र.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अशी वेदना, रक्तात लायपेज किंवा अमायलेज ही स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या निदान तिप्पट, आणि स्कॅनमध्ये सूज. म्हणजे लायपेज जरासं वाढलं तर तो पॅनक्रिएटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) ठरत नाही. आणि उलटही घडतं. शनिवारी रात्री कळ आली, रविवार गरम पाण्याच्या पिशवीवर काढला, मग ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून शुक्रवारी रक्त दिलं; तोवर अमायलेज खाली आलेलं असतं. ते तीन ते पाच दिवसांत उतरतं, लायपेज आठवडाभर किंवा थोडं जास्त टिकतं. म्हणून वारंवार कळ येणाऱ्याने डॉक्टरांना विचारून ठेवावं की पुढच्या वेळी दुखत असतानाच लायपेज आणि यकृताच्या तपासण्या कुठे करायच्या. कळ आल्यावर यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी झपाट्याने चढून काही दिवसांत उतरत असेल, तर खडा नलिकेतून पुढे सरकल्याचा तो चांगला पुरावा. कळीबरोबर ताप-थंडी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा गडद लघवी असेल तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही.

सगळं नॉर्मल येऊनही दुखत असेल, तर ‘ओडीच्या झडपेचा दोष’ हे नाव पुढे येतं. रुग्गेरो ओडी यांनी विद्यार्थी असताना १८८७ मध्ये नलिकेच्या तोंडाच्या या स्नायूंचं वर्णन केलं. तोंडावाटे दुर्बीण नलिकेच्या मुखापर्यंत नेऊन (याला ईआरसीपी म्हणतात) झडप कापायची, असा उपाय बरीच वर्षं चालला. मग अमेरिकेत २१४ रुग्णांवर एक चाचणी झाली. नलिका आणि रक्त दोन्ही नॉर्मल, फक्त दुखणं, असे हे रुग्ण. २०१४ मध्ये निकाल आला: झडप कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम, तर नुसतं कापल्याचं सोंग केलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना! ईआरसीपीमुळेच शंभरात तीन ते दहा जणांना पॅनक्रिएटायटिस होतो, हे लक्षात घेतलं तर ‘एकदा आत जाऊन बघून घेऊ’ ही घाई मला परवडणारी वाटत नाही.

स्वादुपिंड वारंवार सुजत राहिलं तर त्याची ताकद घटते, पण त्याचा साठा मोठा असतो. लायपेजचं उत्पादन दहाव्या हिश्श्यावर आल्यावरच मल उघड तेलकट दिसतो: फिकट, दुर्गंधीचा, भांड्याला चिकटणारा, फ्लश करूनही तरंगणारा. वजनही घटतं. मलातल्या इलॅस्टेजची (हेही स्वादुपिंडाचंच पाचक द्रव्य) तपासणी इथे कामाची, फक्त पाण्यासारख्या पातळ नमुन्यात ती खोटी कमी येऊ शकते. उपचार म्हणजे पॅनक्रिएटिनच्या (स्वादुपिंडाच्या पाचक द्रव्यांच्या) कॅप्सूल, आणि त्या जेवणाच्या घासांबरोबर घ्यायच्या, जेवण संपल्यावर नव्हे. मेडिकलमध्ये सहज मिळणारं पाचक सिरप त्यांची जागा घेत नाही; त्यात बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असतं, चरबी पचवणारं लायपेज नसतं.

नाशिक वाईनचं गाव, म्हणून एक हिशेब. ‘वाईन म्हणजे काय दारू?’ असं म्हणणारे १३ टक्क्यांच्या वाईनचा १५० मिलिलिटरचा ग्लास रिचवतात, त्यात साधारण ४५ मिलिलिटर व्हिस्कीइतकंच अल्कोहोल असतं, म्हणजे दीड ‘थर्टी’. स्वादुपिंड एकदा सुजलेल्याला तंबाखू आणि अल्कोहोल दोन्ही वर्ज्य, मग बाटली कुठल्याही द्राक्षमळ्यातली असो.

डॉक्टर बदलताना लोक नव्या सोनोग्राफ्या घेऊन जातात आणि ऑपरेशनचा जुना कागद घरी राहतो. तो शोधून न्यावा. सूज फार असली, जागा नीट दिसत नसली, तर नलिकेला इजा होऊ नये म्हणून सर्जन कधीकधी पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवतात, आणि तो निर्णय शहाणपणाचाच असतो. त्या कागदावर ‘सबटोटल’ हा शब्द असेल तर उरलेल्या तुकड्यातही खडा होऊ शकतो, आणि एमआरसीपी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ते आधीच माहीत असलेलं बरं.