ससा आणि त्याचे जर्मानिक चुलत भाऊ

सशाला जर्मनमध्ये ‘हाझं’ म्हणतात, डचमध्ये ‘हास’ आणि इंग्रजीत ‘हेअर’. ऐकताना पटत नाही, पण हे तिघे आपल्या ‘ससा’चे सख्खे चुलत भाऊ आहेत.

शब्दांचं नातं उच्चाराच्या सारखेपणावरून ठरवायला गेलं की हमखास फसगत होते. बघायचं ते हे की, फरक दरवेळी त्याच पद्धतीने पडतो का. मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत आणि युरोपातल्या बहुतेक भाषांच्या पूर्वज भाषेत, या शब्दाच्या आरंभी टाळूकडे झुकणारा ‘क’ होता. जर्मानिक भाषांत (जर्मन, डच, इंग्रजी यांच्या कुटुंबात) त्याचा ‘ह’ झाला, संस्कृतात ‘श’. आपलं ‘शत’ तिकडे ‘हुंडर्ट’, ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा तिकडे ‘हुंड’. अशा जोड्या ढिगाने सापडतात, म्हणून हा योगायोग नव्हे.

संस्कृतात खरं तर ‘शस’ व्हायला हवं होतं. पहिल्या ‘श’ने दुसऱ्या ‘स’ला आपल्याकडे ओढलं आणि ‘शश’ झालं. (ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला शश चक्क वस्तरा गिळतो!) पुढे प्राकृतात ‘श’चे ‘स’ झाले. त्यामुळे मराठी ‘ससा’तला दुसरा ‘स’ जुना दिसतो खरा, पण तो ‘श’च्या घरून फिरून आलेला आहे.

आता इंग्रजी ‘हेअर’मध्ये ‘स’च्या जागी आलेल्या ‘र’चं कोडं. 1875 साली डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरने ते सोडवलं. मूळ आघात (उच्चारातला जोर) आधीच्या स्वरावर नसेल तर जर्मानिकमध्ये मधला ‘स’ घोष होऊन, म्हणजे कंठाच्या कंपनासह उच्चारला जाऊन, ‘झ’ होतो, आणि इंग्रजीत त्या ‘झ’चा पुढे ‘र’ होतो. इंग्रजीतलं ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही त्याच भानगडीची जोडी. हाच नियम मधल्या ‘त’लाही लागतो, आणि पुरावा मिळाला वैदिक संस्कृतातल्या आघातांतून: ‘भ्रातर्’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून जर्मन ‘ब्रुडर’मध्ये ‘ड’; ‘पितर्’मध्ये दुसऱ्यावर, म्हणून ‘फाटर’मध्ये ‘ट’. इथे नवशिके हटकून चुकतात: जर्मन ‘हाझं’मधला ‘झ’ व्हेर्नरचा नाही. तिथे ‘स’च टिकला होता, दोन स्वरांमध्ये तो खूप नंतर घोष झाला. व्हेर्नरचा ‘झ’ असता तर जर्मनमध्येही ‘र’च आला असता.

अर्थ? जुन्या इंग्रजीत ‘हासु’ म्हणजे करडा. लॅटिन ‘कानुस’, म्हणजे पिकल्या केसांचा, हाही त्याच मुळाचा. त्याच्या जुन्या रूपातला ‘स’ ‘न’च्या आधी गळाला आणि ‘का’ दीर्घ झाला. तेव्हा ‘ससा’ हे बहुधा मुळात नाव नसून रंगावरून पडलेलं विशेषण असावं: करड्या. ‘रॅबिट’ मात्र या भावकीतला नाही.